बालकांचे चेहरे रंगवितांना
(महोत्सवपूर्व सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या जत्रेंत बालकांचे चेहरे रंगविण्याचें काम यंदा आपल्या नवशिक्या तरुणांनीं पत्करिलें आहे. त्यांस आमची स्वतःची एक चूक सांगणें आम्ही उचित समजतों. गतवर्षीं आम्हींच कागदावर वापरावयाचे रंग आणून दिले. डबीवर ‘विषारी नाहीं’ असें छापलेलें पाहून निश्चिंत झालों. सायंकाळीं एका बालिकेचे गाल लाल होऊन त्यांवर पुरळ उठलें. विषारी नसलेला प्रत्येक रंग त्वचेसाठीं केलेला असतो असें नव्हे, हें आम्ही तेव्हां शिकलों.

म्हणून त्वचेसाठींच केलेले, पाण्यांत कालविण्याचे रंग घ्यावे. आदल्या दिवशीं मुलाच्या हातावर ठिपका लावून पाहावा. डोळ्यांलगत किंवा जखमेवर कुंचला नेऊं नये. प्रथम ओलसर स्पंजानें फिका रंग पातळ द्यावा. तो सुकल्यावर गडद रेघ काढावी. आरंभीं संबंध वाघ नको, गालावर एक फूल पुरे. एकाचा स्पंज दुसऱ्यास लावूं नये.

ती बालिका यंदा पुन्हां येणार आहे. तिचा विश्वास आपणांस राखावयाचा आहे. परमेश्वर आपल्या हातांस आशीर्वाद देवो.