माणसाची चाल आणि पदव्युत्तर शिक्षणाची एक वाट

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मुलाने पुढे काय व्हावे असे विचारले की भंडाऱ्यात घरोघरी दोनच उत्तरे मिळतात, डॉक्टर किंवा इंजिनियर. आज मी ज्या विषयाबद्दल बोलणार आहे तो या दोन शेतांच्या मधल्या बांधावर उभा आहे. त्याला क्लिनिकल बायोमेकॅनिक्स म्हणतात. मराठीत आपण रुग्णोपयोगी जीवयांत्रिकी म्हणू. नाव जड असले तरी विषय घरातलाच आहे. माणूस उभा राहतो, वाकतो, चालतो, तेव्हा हाडांवर आणि सांध्यांवर किती भार पडतो, कोणत्या दिशेने पडतो आणि तो कमी कसा करता येईल, याचा हिशेब म्हणजे हे शास्त्र.

एक उदाहरण घ्या. तुमच्या घरातील आजोबांचा उजवा खुबा दुखतो. त्यांनी काठी कोणत्या हातात धरावी? बहुतेक जण म्हणतील, उजव्या. उत्तर आहे, डाव्या. एका पायावर उभे राहिलो की शरीराचे वजन खुब्याच्या आतल्या बाजूला, लांब अंतरावर ओढते आणि तोल सांभाळणारा स्नायू बाहेरच्या बाजूला, जेमतेम निम्म्या अंतरावर असतो. हा शाळेतल्या तरफेचाच नियम आहे. अंतर निम्मे, म्हणून स्नायूला दुप्पट ओढावे लागते आणि दोन्हींचा मिळून भार सांध्यावर येतो. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर चालताना दीडशे किलो किंवा त्याहूनही अधिक भार पडतो तो असा. काठी विरुद्ध हातात असली की ती खुब्यापासून खूप दूर टेकते, आणि हाताने दिलेला थोडासा रेटाही स्नायूचे बरेच काम वाचवतो. औषध नाही, खर्च नाही. नववी-दहावीचे भौतिकशास्त्र तेवढे हवे.

आता आपल्या बांध्यांकडे या. हा धानाचा जिल्हा आहे. आषाढ-श्रावणात रोवणीला लागलेली बाई दिवसभर कमरेत वाकून असते. पन्नास किलोच्या बाईचे कमरेवरचे शरीर पंचवीस-तीस किलो भरते. वाकल्यावर ते वजन कण्याच्या पुढे वीतभर अंतरावर लोंबते, आणि पाठीचा स्नायू मात्र कण्यामागे दोन-तीन बोटांवरच असतो. त्याला वजनाच्या चार-पाच पट ओढावे लागते. ती बाई घरी येऊन ‘कंबर गेली’ म्हणते तेव्हा ती अतिशयोक्ती करत नसते.

या शास्त्राची खरी ओळख भारताला जयपूरने करून दिली असे माझे मत आहे. १९६८ च्या सुमारास सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शालेय शिक्षण नसलेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून रबरी पाऊल तयार केले. त्या काळचा विलायती कृत्रिम पाय बूट घालून, खुर्चीवर बसून, सपाट फरशीवर चालणाऱ्या माणसासाठी होता. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलात अनवाणी जातो. नमाजी असेल तर सजद्यातून उठून पाय दुमडून बसतो. विलायती पायाने हे जमेना, म्हणून लोक पाय मिळूनही तो कोपऱ्यात ठेवून कुबडी घेत. जयपूरचे पाऊल वेगवेगळ्या दिशांना वळते, बुटाशिवाय चालते आणि पाण्यात खराब होत नाही. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्रजींचे नाव मात्र त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट वेल्लोरची. डॉ. पॉल ब्रँड यांनी तेथे कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिले की हातपाय रोगाने आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब पडला तरी माणसाला कळत नाही, आणि जखम होते. उपाय म्हणून मऊ रबराच्या तळाची चप्पल आली, दाब सगळ्या तळव्यावर वाटून देणारी. हाच नियम मधुमेही पायाला लागू पडतो. आज आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यात मधुमेह आहे, आणि अंगठ्याखालच्या एका घट्ट्यापासून सुरू होऊन गुडघ्याखाली पाय कापण्यापर्यंत गेलेली प्रकरणे तुम्हीही पाहिली असतील. तळव्यावरचा दाब मोजून योग्य पादत्राण देणारा जाणकार वेळेवर भेटला, तर त्यांतले कित्येक पाय वाचू शकतात. विदर्भात सिकलसेलचा आजारही आहे. त्यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तरुण मुलेमुली लंगडू लागतात. म्हणजे काम येथेच, आपल्या दारात आहे.

मग शिक्षणाचे काय? केवळ याच नावाची पदव्युत्तर पदवी भारतात सहसा आढळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. येथे हा विषय वेगवेगळ्या दारांतून शिकला जातो. मुंबईला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. कृत्रिम अवयव आणि आधारपट्ट्यांच्या शास्त्राचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण तेथे मिळते. त्या व्यवसायाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. फिजिओथेरपीची पदवी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही आहे, आणि पदवीनंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली मास्टर्स करता येते. एम.बी.बी.एस. झालेल्यांना मुंबईच्या आय.आय.टी.त बायोमेडिकल इंजिनियरिंगचे एम.टेक. खुले आहे. परदेशात जायचे तर ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाची जैवअभियांत्रिकी जुनी आणि नावाजलेली आहे.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ‘बायोमेकॅनिक्स तज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात जिल्हा रुग्णालयात निघत नाही. म्हणून आधी पदवी घेऊन रुग्णसेवेचा परवाना मिळवावा, दोन-तीन वर्षे रुग्ण पाहावेत, आणि मग पदव्युत्तर शिक्षणाला जावे. ज्याने शंभर लंगडी माणसे चालताना पाहिली नाहीत, त्याला कॅमेरे आणि दाबपट्ट्या बसवलेल्या प्रयोगशाळेतला आलेख काय सांगणार? शिवाय पुस्तकांतली बरीचशी ‘सामान्य’ मापे पाश्चात्त्य, खुर्चीवर बसणाऱ्या माणसांची आहेत. जमिनीवर बसणाऱ्या, डोक्यावर भारा वाहणाऱ्या माणसांची मापे घेण्याचे काम अजून पुष्कळ बाकी आहे, आणि ते आपल्या मुलामुलींनी केले तर अधिक चांगले होईल. मुलींबद्दल मुद्दाम सांगतो: पडदानशीन बाई कंबरदुखी किंवा खुब्याचे दुखणे परपुरुषापुढे बोलत नाही, अंगावर काढते. तिला तपासणारी बाईच हवी. मुलीला बारावीनंतर थांबवणारे आईबाप या दुसऱ्या बाईच्या दुखण्याचाही निर्णय करून टाकत असतात.

आता विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी. दहावीनंतर ‘मला मेडिकलला जायचे’ म्हणून गणित सोडण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. वैद्यकीय प्रवेशाला गणित लागत नाही हे खरे. पण पुढे एम.टेक.च्या वर्गात बसलात की बल, घूर्ण, कोनीय वेग ही भाषा रोज लागते, आणि तिथे पोहोचलेल्या डॉक्टरांना अकरावीचे पुस्तक नव्याने उघडावे लागते. अकरावीला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेता येतात. ओझे वाढते, शिकवणीचा खर्चही वाढतो, हे मी जाणतो. तरी ज्याला झेपेल त्याने दोन्ही घ्यावेत. पैशाची अडचण असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची माहिती प्रवेशाच्या आधीच काढावी. उत्पन्नाचा दाखला मिळवायलाच कधी कधी पंधरा दिवस जातात, आणि तोवर प्रवेशाची फेरी निघून गेलेली असते.