कलावंतांची आत्मकथने आणि आपले शाहीर

(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेले व्याख्यान. बोलताना वेळेअभावी राहून गेलेला मजकूर एक-दोन ठिकाणी घातला आहे.)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी विषयाकडे वळतो. समितीने मला 'कलावंतांची चरित्रे व आत्मचरित्रे' असा विषय दिला आहे. मी काही साहित्यिक नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, ग्रंथालयाची चावी माझ्याकडे असायची, त्यामुळे वाचन झालं, एवढंच. म्हणून विद्वत्तेचं भाषण अपेक्षू नका. वाचताना जे मनात आलं आणि माझ्या हातून जी एक चूक झाली, ते सांगणार आहे.

मराठीत रंगभूमीवरच्या माणसांनी आपलं आयुष्य लिहून काढण्याची परंपरा जुनी आहे. गणपतराव बोडस यांचं 'माझी भूमिका' १९४० साली निघालं. चिंतामणराव कोल्हटकरांच्या 'बहुरूपी'ला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुर्गाबाई खोटे यांचं 'मी दुर्गा खोटे' १९८२ चं. ही पुस्तकं चांगली आहेत, जरूर वाचावीत. कंपनीचा मुक्काम कसा असे, कर्ज कसं होई, मालक आणि नट यांचं कसं बिनसे, हे सगळं त्यांत येतं. पण या मंडळींना लिहिता येत होतं, ओळखीचे संपादक होते, प्रकाशक दारी येत होते. ज्यांच्या पायात चाळ होते आणि हातात डफ होता, त्यांचं काय झालं?

इथं मला हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' आठवतं. हंसाबाई म्हणजे 'लोकशाहीर रामजोशी'मधल्या नायिका. लहान वयातच सिनेमात आल्या. शाळा सुटली, घरची चूल त्यांच्या पगारावर पेटू लागली. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' हा चित्रपट आला, पुण्यात तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. पुढे त्यांनी आपलं आयुष्य सांगायचं ठरवलं, तेव्हा पुस्तकालाही तेच नाव दिलं. ते १९७० साली प्रसिद्ध झालं. त्यांनी हे लिहिलं नाही बरं का, सांगितलं. आणि अरुण साधू यांनी ते शब्दांत उतरवलं. नवऱ्याशी भांडणं, दारू, घर सोडून जाणं, कुठल्या तरी खेड्यात जवळजवळ कोंडून राहणं, काही झाकलं नाही. स्वतःला बरं दाखवण्याचा प्रयत्न नाही आणि रडगाणंही नाही. त्यावरून १९७७ साली श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' काढला, स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या मते मराठीतल्या कलावंतांच्या आत्मकथनांत हे पुस्तक पहिल्या रांगेतलं आहे. ते घडलं कसं, तर एकीनं मोकळेपणानं सांगितलं आणि दुसऱ्यानं मध्ये न घुसता लिहिलं.

याच 'सांगत्ये ऐका' चित्रपटात आपल्या वामनदादा कर्डकांचं एक गीत आहे. किती जणांना माहीत आहे? (चार हात वर झाले.) बघा.

तमाशातल्या स्त्रियांचं तर विचारूच नका. पठ्ठे बापूरावांची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. ब्राह्मण घरातला माणूस फडात आला, याचं सर्वांना नवल. आणि संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा? आपल्याच समाजातली बाई. तिचा आवाज आणि तिचं रूप यांवर थिएटरं भरली. पण ती बापूरावांच्या गोष्टीतली एक पात्र होऊन राहिली. तिची गोष्ट तिच्या तोंडून कुणी ऐकून घेतली नाही.

विठाबाई नारायणगावकरांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, १९५७ ला आणि १९९० ला. त्या १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. योगीराज बागूल यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, हे मोठं काम झालं. पण सभा-समारंभात विठाबाई म्हटलं की एकच प्रसंग सांगितला जातो: वग चालू असताना त्या बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, टाळ्या पडतात. मला मात्र अलीकडे त्याचा त्रास होतो. एवढी वर्षं फड चालवणारी बाई. बैलगाडीपासून ट्रकपर्यंतचा काळ पाहिला. माणसं सांभाळली, हिशेब सांभाळला, सावकार सांभाळला. ते सगळं बाजूला पडलं आणि त्या एका रात्रीनं तिचं सगळं आयुष्य गिळून टाकलं. चरित्र म्हणजे एक चमत्कारिक प्रसंग नव्हे.

किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आलं. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा डॉक्टर झाला आणि बापाच्या जागी आईचं नाव लावू लागला. पुस्तक त्याचं आहे, त्याची उपासमार आहे, त्याचा राग आहे. पण नाचणाऱ्या बाईच्या घरात काय चालतं, मुलगी कमावती झाली की बाप-भाऊ कसे वागतात, हे यापूर्वी इतकं उघड कुणी मांडलं नव्हतं. डॉ. काळे २००७ साली अपघातात गेले, फार लवकर गेले. ते पुस्तक वाचून झाल्यावर मला सारखं वाटत राहिलं, शांताबाईंनी स्वतः सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं?

आता आपल्या अंगणात येऊ. आंबेडकरी जलसे तुम्ही-आम्ही ऐकून आहोत. सत्यशोधक जलशांची वाट पुढे नेत, तमाशाचाच साचा घेऊन या मंडळींनी आतला माल बदलला. गणातलं देवाचं नमन गेलं, गवळणीतला कृष्ण गेला, नाची गेली. त्या जागी महाडचं पाणी आलं, काळाराम मंदिराचा सत्याग्रह आला, मुलांना शाळेत घाला हे आलं. बतावणीत भटजी-सावकाराची फिरकी घेतली जाई आणि लोक हसता हसता शहाणे होत. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे त्यांत अग्रणी. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, अशा अर्थाचं बाबासाहेब बोलल्याचं सांगितलं जातं.

या भीमराव कर्डकांनी १९७८ साली पुस्तक लिहिलं. नाव काय ठेवलं? 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य'. नाव बघा. 'माझे जीवन' नाही, 'माझी भूमिका' नाही. नटानं स्वतःला पुढे ठेवलं, जलसाकारानं जलसा पुढे ठेवला. ही त्यांची थोरवी आहे, यात शंका नाही. पण वाचक म्हणून माझी थोडी तक्रारही आहे. चळवळीतल्या आपल्या माणसांनी स्वतःविषयी बोलणं म्हणजे अहंकार असं मानलं आणि त्यामुळे आपलं फार नुकसान झालं. पोटापाण्याचं काम करून, रात्रभर गाऊन, पुन्हा सकाळी कामावर जाणारा माणूस घरी काय खात होता, हे आता कोण सांगणार?

वामनदादांचं घ्या. जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे गाव. मुंबईत शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले, मिळेल ते काम केलं. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. १९४३ पासून गाणी रचू लागले ते २००४ साली जाईपर्यंत थांबले नाहीत. त्यांची गाणी गावोगाव लोकांच्या ओठांवर आहेत. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतं, म्हणून नाव तरी कळतं. ज्यांनी ती गाणी गाऊन पोहोचवली, त्यांचं नाव कुठल्या कडव्यात येणार?

विलास घोगरे यांची गोष्ट वेगळी. एकतारी घेऊन गाणारा हा शाहीर. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, १० माणसं मेली. त्यानंतर काही दिवसांतच विलासनी गळफास घेतला. आनंद पटवर्धनांनी तेव्हापासून चौदा वर्षं चित्रीकरण करून 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट पुरा केला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा, विहारात दाखवता आला तर फारच उत्तम. तेही एक चरित्रच आहे. पण कलावंत मेल्यावर सुरू झालेलं.

आता माझी चूक सांगतो. आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, गिरणीत कामाला होते आणि गायन पार्टीत पेटी वाजवायचे. स्वतःही रचायचे. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, कुणाचं लग्न, कुणाची हळद. पेटी डोक्यावर घेऊन निघायचे. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली, पण पार्टी चालू होती. पुढे दम्यानं आवाज गेला. १९९१ साली मी नवीन टेपरेकॉर्डर घेतला आणि उत्साहानं नव्वद मिनिटांची कॅसेट घालून त्यांच्यासमोर बसलो. नाना एक कडवं म्हणायचे आणि थांबायचे. म्हणायचे, "हे गाणं ज्या गावात पहिल्यांदा म्हटलं ना, तिथं रात्री आम्हाला..." आणि मी म्हणायचो, "नाना, ते नंतर. आधी गाणं पुरं करा, कॅसेट संपतेय."

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. अकरा गाणी आहेत. आणि पाच ठिकाणी माझा आवाज आहे, "ते नंतर." त्या गावात त्या रात्री काय झालं, मला ठाऊक नाही. पार्टीतलं कुणी उरलं नाही. नानांच्या लांब वह्या होत्या, त्यात गाण्यांच्या बाजूला तारीख, गाव, बिदागी असं टिपलेलं असायचं. ते गेल्यावर घराला रंग काढला तेव्हा त्या रद्दीत गेल्या. रद्दीवाल्याला हाक मी मारली होती. शिकलेला होतो ना मी!

म्हणून तरुणांना माझं सांगणं आहे. आपल्याकडे स्मरणिकेत कलावंतांविषयी छापतात ते कसं? जन्म अमुक, गाणी इतकी, पुरस्कार तितके, आणि मग 'थोर', 'निष्ठावंत', 'झुंजार'. यानं माणूस दिसत नाही. बिदागी किती मिळायची आणि कुणी बुडवली, कुठल्या गावानं पाणी दिलं नाही, तबलजीशी भांडण कशावरून झालं, हे विचारा. माणूस थोडं मीठमसाला लावून सांगेल, लावू द्या. जुनी पत्रकं, निमंत्रणपत्रिका घरोघर असतात, त्यांवरून तारखा पडताळता येतात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी असंच केलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केलं. त्यातल्या कित्येक बायकांना आपण काही केलं आहे हेच मुळी वाटत नव्हतं!

या सभागृहात दुसऱ्या रांगेत एक मावशी बसल्या आहेत. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. गायन पार्टीत त्यांनी वीस-बावीस वर्षं कोरस दिला. गेल्या महिन्यापासून मी रविवारी त्यांच्याकडे जातो. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "गुरुजी, कंचं गाणं म्हनू?" मी म्हटलं, "मावशी, गाणं नंतर. रात्रीच्या कार्यक्रमाला जाताना पोरं कुणाकडे ठेवायचात?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग शेजारच्या खोलीतल्या एका बाईचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "शाहिराचं मागनं लिवा. आदी तिचं लिवा. तिनं माजी तिन्ही पोरं निजवली."

तेवढ्यावरच त्या दिवशी वहीची सहा पानं भरली. अजून पार्टी पहिल्या गावाला पोहोचायची आहे.

जयभीम.