कोब्याचा खड्डा बुजवताना

मोरीजवळचा कोबा फुटला, की आम्ही वरून सिमेंट सारवायचो. पंधरा दिवसांत पापुद्रे निघायचे आणि सासूबाई पुन्हा तिथंच ठेचाळायच्या.

तापीकाठची आपली काळी जमीन पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून मोरीचं पाणी पायाशी मुरत असेल, तर आधी ते पाइपानं लांब काढा. एक बाजू खचली असेल, तर वरची मलमपट्टी फुकट. तिथं कोबा फोडून खालची भर ठोकून बसवावी लागते.

नुसता खड्डा असेल, तर छिन्नीनं पोकळ भाग काढा, कडा उभ्या करा. झाडा, धुवा, रात्रभर ओला ठेवा. सकाळी साचलेलं पाणी टिपून सिमेंटची रबडी फासा आणि ती ओली असतानाच माल भरा. एक माप सिमेंटला तीन मापं चाळलेली वाळू. पाणी बेतानं, पातळ माल पसरायला सोपा, पण तोच तडकतो. सिमेंटनं हात सोलतात, हातमोजे घालाच. मग सात दिवस ओलं गोणपाट. जळगाव-धुळ्याचं वैशाखातलं ऊन ते बघता बघता वाळवतं, म्हणून आम्ही हे काम दिवाळीआधी काढतो.