गोव्याच्या यात्रेनंतर ऋणनिर्देश
(धर्मग्रामाच्या आभारसभेंतील भाषण)



गोव्याची यात्रा करून आपण सर्व सुखरूप पिंगळीस परतलों, याबद्दल परमेश्वराचे आभार आज सकाळीं मिस्साबलिदानांत मानलेच आहेत. माणसांचे मानावयाचे राहिले आहेत.

प्रथम घरचे. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत आपण गांवाबाहेर असतां ज्यांनीं आपल्या गुरांना चारापाणी केलें व शेतें राखलीं, ते शेजारी आपल्या धर्माचे नव्हेत. स्टेशनावर शिदोरी घेऊन आले तेही तेच. ते येथें बसले आहेत. नांवें घेतलीं तर त्यांना संकोच होईल, म्हणून केवळ हात जोडतों.

हा पैसा मंदिराच्या गळक्या छपराला लावावा, असें कांहींचें म्हणणें होतें. खरें सांगावयाचें तर मीही मनांतून त्यांच्याच बाजूस होतों. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचें दर्शन झालें, फेरीबोटीनें मांडवी ओलांडून दिवाडीस जाऊन आलों (आपली जलप्रवासाची हौस तेवढ्यावरच भागली!), तरी माझें मन त्या छपरापाशींच होतें.

तें पालटलें जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठांत. राशोलच्या सेमिनरींत 1994 सालीं स्थापन झालेलें ख्रिस्ती कलासंग्रहालय 2002 पासून तेथें आहे. हस्तिदंती मूर्ति, चांदीचीं पात्रें आपण पाहिलीं. अशा वस्तु घडविणारे हात पुष्कळदा हिंदु कारागिरांचे होते. त्यांना असें काम देऊं नये, असा निर्बंध 1567 च्या गोव्यांतील धर्मसभेनें घातला. तरी काम त्यांच्याच हातून होत राहिलें. त्या काळच्या सर्वच गोष्टी आपल्याला भूषणावह नाहींत, हेंही तेथें उभे असतां मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं. संग्रहालयाच्या सेवकांनीं आपल्या म्हाताऱ्या माणसांना बसावयास जागा देऊन, सावकाश, मराठींत सर्व समजावून सांगितलें. त्यांचे उपकार मोठे आहेत.

नंतर राशोल. 1579 सालीं गोव्यास आलेले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें ‘क्रिस्तपुराण’ 1616 सालीं तेथें रोमन लिपींत छापलें गेलें. भाषा मात्र मराठी, छंद ओवीचा. तेथील एका स्नेह्यांनीं कांहीं ओव्या म्हणून दाखविल्या, तों आपल्यांतील एक आजीबाई म्हणाल्या, “अगं बाई, ही तर आपली ओवी!” पैठणचे एकनाथ महाराज 1599 पर्यंत हयात होते, म्हणजे वीस वर्षें दोघेही एकाच काळीं मराठींत वावरत होते. आणि जनाबाई तर आपल्याच जिल्ह्यांतील, गंगाखेडच्या. ‘तुमचा धर्म परका’ असें बाजारांत कोणी म्हटलें कीं आपण खालीं पाहतों. मीही पाहिलें आहे. आजीबाईंनीं त्या दिवशीं खालीं पाहिलें नाहीं.

नवी तूर निघाली कीं डाळीचें एक पोतें गोव्यास पाठवावयाचें आहे. ज्यांना भर घालावयाची असेल त्यांनीं ती रविवारीं मिस्सेनंतर आणावी. छपराच्या वर्गणीची वहीही तेथेंच ठेवली आहे.