साठा आणि प्रवाह : लिथियम-आयन घटांची निवड

श्रोत्यांसमोरील मेजावर दोन विद्युतघट ठेवलेले आहेत. दोन्ही दंडगोल आकाराचे; दोघांचाही व्यास 18 मिलिमीटर आणि उंची 65 मिलिमीटर. तराजूत घातले तर दोन्ही 45 ते 50 ग्रॅमच्या दरम्यान भरतात. बाजारात ‘18650’ म्हणून ओळखला जातो तो हाच घट. पहिले दोन अंक व्यासाचे, पुढचे दोन उंचीचे, आणि अखेरचे शून्य गोल आकाराची खूण मानले जाते. कारखान्याच्या माहितीपत्रकात एकाची क्षमता 3500 मिलिअँपिअर-तास आणि प्रवाहमर्यादा 8 अँपिअर दिली आहे. दुसऱ्याची 2500 मिलिअँपिअर-तास आणि 20 अँपिअर. गिऱ्हाईक सहसा पहिला आकडा तेवढा पाहते आणि मोठा आकडा उचलते. हजाराचा लाभ झाला, असे त्याला वाटते. तो लाभ कशाच्या मोबदल्यात झाला, हे घट उघडून पाहिल्यावाचून कळत नाही.

सोनी या जपानी कंपनीने 1991 साली लिथियम-आयन घट प्रथम विक्रीस आणला. ज्यांच्या संशोधनावर तो उभा राहिला, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घटाची अंतर्रचना थोडक्यात अशी : तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप, अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर निकेल, कोबाल्ट यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडाचा लेप, आणि दोहोंमध्ये सच्छिद्र पडदा. या पट्ट्यांची गुंडाळी करून ती डब्यात बसवतात आणि विद्युत्-वाहक द्रावण भरून डबा बंद करतात. वीज साठते ती लेपात. पत्रा आणि पडदा काही साठवीत नाहीत. ते केवळ येण्याजाण्याची सोय करतात.

आता डब्याचे माप ठरलेले आहे, जेमतेम साडेसोळा घन सेंटिमीटर. कोठाराच्या खोलीत पोती छतापर्यंत खच्चून रचली तर धान्य पुष्कळ मावते. परंतु हमालांना वाट उरत नाही आणि माल बाहेर काढायला वेळ लागतो. वाटा रुंद ठेवल्या तर माल भराभर निघतो, मात्र पोती कमी बसतात. घटातही हेच घडते. लेप जाड दिला तर साठा वाढतो, पण लिथियमच्या आयनांना जाड थरातून दूरचा प्रवास करावा लागतो. लेप पातळ देऊन पट्टी लांब केली तर प्रवाहाला विस्तृत पृष्ठभाग मिळतो. मात्र डब्यातली बरीचशी जागा तांबे, अॅल्युमिनियम आणि पडदा खाऊन टाकतात. रसायने सुधारली तशी दोन्ही बाजूंनी प्रगती झाली हे खरे. ज्या मापात 1990 च्या दशकात हजार-बाराशे मिलिअँपिअर-तास मिळत, त्यात आज तिप्पट मिळतात. तथापि कोणत्याही एका काळच्या उत्तम घटांत ही देवघेव चुकलेली नाही.

प्रवाहमर्यादा ओलांडली तर काय होते? घटाच्या अंगी थोडा अंतर्गत रोध असतो. तो 0.04 ओहम धरला, तर 2 अँपिअर प्रवाहाला घटाच्या पोटात 0.16 वॅट उष्णता निर्माण होते. हाताला जाणवणारही नाही इतकी. प्रवाह दहापट, म्हणजे 20 अँपिअर केला, तर उष्णता दहापट न होता शंभरपट होते, म्हणजे 16 वॅट. ती एवढ्याशा डब्यात कोंडली जाते. शिवाय 0.8 व्होल्ट दाब आतल्या आतच खर्ची पडतो आणि यंत्र लवकर थकल्यासारखे वाटते. छापलेली क्षमताही सौम्य प्रवाहाची असते : 3500 चा घट बहुधा 700 मिलिअँपिअरने पाच तास रिकामा करून मोजतात. त्याच्याकडून 8 अँपिअर ओढणाऱ्याला तेवढा साठा मिळत नाही.

म्हणून आधी यंत्राची प्रवाहाची मागणी ठरवावी आणि ती पुरी करणाऱ्या घटांतून अधिक क्षमतेचा निवडावा. 250 वॅटची विजेवरची सायकल घ्या. (भारतात काही अटींवर अशा सायकलीला वाहन-नोंदणी लागत नाही.) एका घटाचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट, दहा घट एकापुढे एक जोडले की 36 व्होल्ट होतात, आणि प्रवाह सुमारे 7 अँपिअर लागतो. प्रत्येक पायरीवर चार घट समांतर ठेवले, तर एकेकाच्या वाट्याला पावणेदोन अँपिअर येतात. चढावर मागणी दुप्पट झाली तरी साडेतीनच. येथे 20 अँपिअरचा घट घालणे म्हणजे उधळपट्टी. चाळीस घटांत 504 वॅट-तासांऐवजी 360 च मिळतील आणि घर गाठण्यापूर्वी पायडल मारावे लागेल.

सुताराच्या 18 व्होल्टच्या ड्रिलचे गणित निराळे. त्यात पाच घटांची एक ओळ असते. जाड लाकडात पाते अडले की 20 अँपिअर सहज ओढले जातात. 8 अँपिअरच्या घटांच्या दोन ओळी मिळून 16 च देतात. तीन ओळी केल्या तर यंत्राचे ओझे मनगटाला पेलवत नाही. 2500 च्या घटांच्या दोन ओळींत मात्र प्रत्येकावर फक्त 10 अँपिअर येतात.

अर्थात हे सारे आकडे खरे असतील तरच. बाजारात याच मापाच्या घटावर 9900 मिलिअँपिअर-तास असे बेधडक छापलेले आढळते. साडेतीन हजारांच्या थोडेफार पुढे जाणारे घट आता निघू लागले आहेत. परंतु दहा हजार या डब्यात मावतच नाहीत. असा घट हातात घेतला की पुष्कळदा हलका लागतो. प्रवाहाच्या आकड्यातही फसगत होते : काही सेकंदच सोसणारा प्रवाह मोठ्या अक्षरांत आणि अखंड चालणारा प्रवाह माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात. निवड करायची ती या दुसऱ्या आकड्यावरून.

याहून चिंतेची बाब जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या घटांची. त्यांवर नवे रंगीत वेष्टन चढवले की ते नव्यासारखे दिसतात. ते मुळातच साठ्यासाठी घडवलेले; वयाबरोबर त्यांची क्षमता घटलेली आणि अंतर्गत रोध वाढलेला असतो. अशा भिन्न वयाच्या घटांची ओळ केली, तर सर्वांत दुबळा घट आधी रिकामा होतो आणि उरलेले त्याच्यातून प्रवाह रेटत राहतात. दुरुस्तीवाल्याने पैसे वाचवण्यासाठी नियंत्रक मंडलही वगळले, तर हे थांबवणारे कोणी उरत नाही. 2022 मध्ये देशात विजेवरच्या दुचाकींना आगी लागण्याच्या घटना घडल्या आणि केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष अधिक कडक केले. त्या आगींची कारणे एकाच प्रकारची नव्हती. पण निकष कारखान्याला बांधतात, गल्लीतल्या दुकानात जोडलेल्या पेटीपर्यंत ते पोहोचत नाहीत.

आपल्या देशाचे हवामानही हिशेबात धरावे लागते. बहुतेक माहितीपत्रकांत घट भारित करण्याची मर्यादा शून्य ते 45 अंश सेल्सिअस असते. नागपूर किंवा बिकानेरच्या मे महिन्यात दुपारी सावलीतच ही वरची मर्यादा गाठली जाते. तेथे घट संध्याकाळनंतर भारित करावा आणि त्याच्या प्रवाहमर्यादेच्या निम्म्यावर काम भागेल अशी योजना करावी. लेहच्या हिवाळ्यात याच्या उलट. शून्याखाली भारित केल्यास लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठावर धातुरूपाने साचते आणि घट आतून कायमचा बिघडतो. तेथे सौरदिव्याची पेटी रात्री घरात, अंथरुणाजवळच्या उबेत ठेवावी, आणि सकाळी घट गोठणबिंदूच्या वर आला आहे याची खात्री करूनच ती सौरपट्टीला जोडावी.