बालकाची त्वचा काय सांगते?

जव्हारजवळील शिरपामाळ इतिहासप्रेमी मंडळींस ठाऊक आहे. १६६४ सालच्या सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवछत्रपतींचा जव्हारच्या राजांनीं येथें शिरपेच देऊन सत्कार केला, अशी त्या नांवाची कथा सांगतात. पण जव्हार-मोखाडा भागाची दुसरीहि एक ओळख आहे. १९९२ सालीं वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनीं कुपोषणाचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढें उभा केला.

कुपोषित बालकाची कातडी कोरडी पडते, सोलते, ओठांचे कोपरे चिरतात, तोंड येतें. घरचीं माणसें ‘उष्णता झाली’ असें म्हणून स्वस्थ बसतात. परंतु अशींच चिन्हें एच्. आय्. व्ही. बाधित बालकांतहि आढळतात. आणि कुपोषण व हा विषाणु एकाच देहांत नांदूं शकतात.

त्वचा आणि तोंडांतील नाजूक अस्तर हे शरीराच्या वेशीवरील पहारेकरी होत. हा विषाणु रक्तांतील सीडी-४ पेशींचा नाश करितो आणि पहारा ढिला पडतो. मग एरवीं निमूट राहणारी बुरशी जिभेवर पांढरा थर धरते. दुधाची साय पुसली जाते. हा थर खरवडल्यास खालीं लाल, हुळहुळी जागा दिसते. तान्ह्या मुलांत ही बुरशी सामान्यच. परंतु पहिले कांहीं महिने उलटल्यावरहि ती हटेना किंवा पुनःपुन्हां उद्भवूं लागली, तर शंका घ्यावी. ती घशांत उतरली कीं गिळतांना वेदना होतात, मूल अन्न नाकारतें आणि वजन आणखीच घटतें. लहानपणीं उठलेली नागीण, तोंडावर दाट पसरलेल्या मोत्यासारख्या पुटकुळ्या, जाड खपल्या धरणारी खरूज, हींहि तशींच सूचक चिन्हें होत.

मात्र चिन्ह म्हणजे निदान नव्हे. निर्णय रक्ततपासणीनेंच होतो. अठरा महिन्यांखालील बालकांत आईचीं प्रतिद्रव्यें उरलेलीं असतात. म्हणून तेथें सहाव्या आठवड्यापासून थेट विषाणूचा शोध घेणारी तपासणी करितात.

विषाणुविरोधी औषधें शासनाकडून १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळूं लागलीं. तीं नियमित घेतल्यास प्रतिकारशक्ति सांवरते आणि केवळ मलमांनीं न हटलेले पुष्कळ विकार ओसरतात. औषध सुरू झाल्यावर अंगावर पुरळ उठून ताप आला, तोंडांत फोड आले वा डोळे लाल झाले, तर विलंब न करितां रुग्णालय गाठावें. औषध मात्र आपल्या मनानें बंद करूं नये.

स्पर्शानें, एका ताटांत जेवल्यानें वा एका बाकावर बसल्यानें एच्. आय्. व्ही. पसरत नाहीं. अशा मुलास शाळेंत प्रवेश नाकारण्यास २०१७ च्या कायद्यानें मनाई केलेली आहे. व्रण पाहून दूर सरणारें घर तपासणीचा दिवस लांबवितें. आणि त्या लांबलेल्या दिवसांची किंमत बालकास मोजावी लागते.