मिरजेची जवारी



शस्त्रे घडविणारे मिरजेचे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंबोऱ्यांकडे वळले. त्यांच्या वंशजांच्या एका कारखान्यात मी गेलो, तेव्हा आढ्याला पंढरपूरकडचे कडू भोपळे वाळत होते; परंतु माझे लक्ष खिळले ते घोडीवर. कारागीर कानस फिरवी, तार छेडी, ऐके, पुन्हा कानस. घोडीचा माथा सपाट भासतो, पण त्याला अतिसूक्ष्म उतार असतो. तार त्याला निसटता स्पर्श करीत कंप पावते, तारेखाली सुताचा धागा नेमक्या जागी बसतो आणि स्वर झंकारू लागतो. हीच जवारी. तिचे माप कानात!

२०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, हे उचितच. कारागिराचा मुलगा मात्र नोकरी करतो. वाजवून वाजवून जवारी झिजते, ती पुन्हा काढावी लागते. आपल्या माळ्यावर मुका तंबोरा असेल, तर तो मिरजेला न्यावा, ही विनंती.